मास्तर सिलोनला गेले, बाई कुठे राहिल्या?

शिक्षकदिन आला की आमच्या वऱ्हाडात लोकनायक बापूजी अण्यांचं नाव भाषणांत हमखास येतं. अमरावतीच्या शाळेत शिकवणारा एक मास्तर पुढे काँग्रेसचा कार्यकारी अध्यक्ष झाला, व्हाइसरॉयच्या मंडळात बसला, सिलोनमध्ये हिंदुस्थानचा प्रतिनिधी झाला, बिहारचा राज्यपाल झाला. हे सांगून झालं की वक्ते समोर बसलेल्या आम्हा शिक्षकांकडे वळतात आणि म्हणतात, "बघा, मास्तरकीतून माणूस कुठवर जाऊ शकतो!" अकोला जिल्ह्यातल्या प्राथमिक शाळांत मी तीस वर्षं शिकवलं आणि हे वाक्य कितीदा ऐकलं त्याचा हिशेब नाही. समोर बसलेल्यांत बायका पुष्कळ असायच्या. त्या 'माणूस' शब्दात आम्ही धरलेल्या आहोत की नाही, हे मात्र कुणी विचारलं नाही. आज निवृत्त झाल्यावर, वेळ मिळाल्यावर, मी ते विचारायचं ठरवलं आहे.

आधी अण्यांची वाट नीट बघू या. माधव श्रीहरी अणे १८८० साली वणीला जन्मले. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकले. १९०४ ते १९०७ ही तीन वर्षं ते अमरावतीच्या काशीबाई खाजगी हायस्कुलात शिक्षक होते. मग वकिलीची परीक्षा देऊन १९०८ साली यवतमाळला वकिली सुरू केली. टिळकांचे ते कट्टर अनुयायी. होमरूलची चळवळ, वऱ्हाड प्रांतिक काँग्रेसचं अध्यक्षपद, दिल्लीचं मध्यवर्ती कायदेमंडळ असे ते पुढे सरकत गेले. १९३० च्या जुलैत पुसदला त्यांनी जंगल सत्याग्रह केला, सरकारी जंगलातलं गवत कापलं आणि तुरुंगात गेले. १९३३ साली काँग्रेसचे कार्यकारी अध्यक्ष. १९४१ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात, परदेशस्थ हिंदी लोकांचं खातं त्यांच्याकडे. १९४३ साली गांधीजींच्या उपवासाच्या वेळी त्यांनी राजीनामा दिला आणि त्याच वर्षी सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला, हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी म्हणून गेले. तिथे १९४७ पर्यंत होते. १९४८ ते १९५२ बिहारचे राज्यपाल. १९६२ साली वेगळ्या विदर्भाच्या मागणीवर नागपूरहून लोकसभेत. हे सगळं करून टिळकांवर संस्कृतात महाकाव्य लिहिलं, त्याला १९७३ साली, मरणोत्तर, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

माणूस मोठा होता यात वाद नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. ही वाट मास्तरकीतून निघाली असं आपण म्हणतो, पण ती खरं तर एकामागून एक अशा चार-पाच पायऱ्यांवरून गेली: पदवी, वकिली, मत, सभागृह, सरकारी पद. त्यातली प्रत्येक पायरी अण्यांच्या पायाखाली आधीपासून होती. अमरावतीच्या एखाद्या मास्तरणीच्या पायाखाली तेव्हा काय होतं?

१९०८ साली ती बाई म्हणाली असती, की शाळा पुरे, आता मी वकिली करते, तर कायद्यानेच तिला दार बंद होतं. स्त्रियांना वकिली करण्याचा हक्क देणारा कायदा १९२३ साली झाला. मध्यप्रांतात स्त्रियांना मताचा हक्क मिळाला तो १९२७ साली, तोही मालमत्तेच्या अटीवर. म्हणजे जिच्या नावावर काही नाही तिला मत नाही. आणि बाईच्या नावावर तेव्हा काय असायचं ते आपल्याला माहीत आहे. न्यायाचं बोलायचं तर एक गोष्ट अण्यांच्या बाजूने नोंदवली पाहिजे. १९२८ च्या ज्या नेहरू समितीचे ते सभासद होते, तिच्या अहवालाने स्त्री-पुरुष दोघांनाही सरसकट प्रौढ मताधिकार द्यावा असं म्हटलं होतं. पण ते प्रत्यक्षात यायला राज्यघटना यावी लागली.

आणि चळवळीत बायका नव्हत्या असं नाही. १९३० साली अकोला जिल्ह्यात दहिहांड्याला मिठाचा सत्याग्रह झाला. आमच्या खारपाणपट्ट्यात समुद्र नाही, पण विहिरींचं पाणी खारं, त्याच पाण्यापासून लोकांनी मीठ काढलं. त्या वर्षीच्या चळवळीत अकोल्याच्या दुर्गाताई जोशींसारख्या स्त्रिया उतरल्या. तुरुंगाची पायरी बायकांना मोकळी होती. तिथे कुणी अडवलं नाही. अडवलं ते तुरुंगातून बाहेर आल्यावर, पदं वाटायची वेळ आली तेव्हा.

शिक्षिकांमध्येही सगळ्या सारख्या नव्हत्या, हेही स्पष्ट बोललं पाहिजे. नागपूरच्या जाईबाई चौधरी घ्या. दलित समाजातली ही बाई हमाली करून जगली, मिशनच्या मदतीने शिकली आणि शिक्षिका झाली. शिकवणारी बाई अस्पृश्य आहे हे कळल्यावर सवर्ण पालकांनी गिल्ला केला आणि ती नोकरी गेली. मग तिने स्वतःच नागपूरला चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. १९३७ च्या अखेरीला नागपूरला अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन भरलं, तिथे जेवणाच्या वेळी जाईबाईंना आणि त्यांच्या मैत्रिणींना वेगळं बसवलं गेलं. बायकांच्या हक्कांसाठी जमलेल्या बायकांनीच हे केलं! जाईबाईंनी गप्प बसून सोसलं नाही, जाहीर निषेध केला. अण्यांची मास्तरकी आणि जाईबाईंची मास्तरकी, दोन्ही याच विदर्भातल्या. एकीला पुढे रस्ता होता, दुसरीला शाळेचा उंबरा टिकवण्यासाठीच आयुष्य खर्च करावं लागलं. फरक बुद्धीचा नव्हता, जातीचा आणि बाईपणाचा होता.

कुणी म्हणेल, ठीक आहे, बायका नाही पोचल्या. पण जे पोचले ते सर्वांचेच प्रतिनिधी होते ना? याच प्रश्नासाठी मला १९४२ सालाकडे जावं लागतं.

त्या वर्षी २० जुलैला नागपूरला दलित महिलांची मोठी परिषद भरली. अध्यक्ष होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. काडीमोडाचा हक्क, बहुपत्नीकत्वाला बंदी, कामकरी बायकांना रजा असे ठराव तिथे झाले. कायदेमंडळांत आणि स्थानिक संस्थांत आमच्या बायकांना जागा राखून ठेवा, असाही ठराव झाला. १९४२ साली, आपल्या अमरावतीच्या बाईच्या अध्यक्षतेखाली! ही मागणी शहरी बायकांनी अलीकडे कुठून तरी उचलून आणली असं ज्यांना वाटतं त्यांनी ही तारीख लिहून ठेवावी.

पुढच्याच महिन्यात चिमूर घडलं. चिमूर तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातलं गाव, अण्यांच्या वणीपासून वर्धा नदी ओलांडली की त्याच मुलखातलं. १६ ऑगस्टला तिथे उठाव झाला, सरकारी अधिकारी मारले गेले. मग फौज गावात आली, पुरुषांना पकडून नेलं आणि घरात उरलेल्या बायकांवर अत्याचार झाले. सरकार चौकशीला तयार नव्हतं. नागपूरहून डॉ. मुंजे गेले, काही स्त्रिया गेल्या. त्या बायकांशी बोलल्या, त्यांचं म्हणणं त्यांनी ऐकून घेतलं. या जाणाऱ्या स्त्रियांकडे ना पद होतं, ना अधिकार.

ज्यांच्याकडे अधिकार होता ते अणे तेव्हा दिल्लीत व्हाइसरॉयच्या मंडळात होते. सेवाग्राम आश्रमातले प्रा. भन्साळी नोव्हेंबरमध्ये त्यांच्याकडे गेले. मागणी साधी होती: तुम्ही याच भागातले, तुम्ही चिमूरला चला, या बायकांना भेटा, चौकशी करा. अण्यांनी असमर्थता दाखवली. भन्साळींनी त्यांच्या दारातच उपवास सुरू केला, तेव्हा त्यांना अटक करून सेवाग्रामला आणून सोडलं. त्यांनी पुन्हा उपवास धरला आणि तो ६३ दिवस चालला. जानेवारी १९४३ मध्ये सुटला.

मी हे अण्यांची निंदा करायला लिहीत नाही. युद्धाचा काळ होता, मंडळातल्या हिंदी सभासदांच्या हातात किती सत्ता होती हा प्रश्नच आहे. आणि फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींच्या उपवासाच्या प्रश्नावर त्यांनी खुर्ची सोडली, हे छोटं काम नव्हतं. पण मैत्रिणींनो, क्रम बघा. चिमूरच्या बायकांसाठी खुर्ची सोडली गेली नाही. त्यांच्यासाठी ज्या गेल्या त्या बायका बिनखुर्चीच्या होत्या. त्या खुर्चीवर त्या दिवशी सुलोचनाबाई डोंगरे असत्या तर चिमूरला गेल्या असत्या का? मला वाटतं, गेल्या असत्या. निदान कुणाला त्यांच्या दारात उपाशी बसावं लागलं नसतं. सभागृहात कोण बसतं याने काय फरक पडतो, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर चिमूर हे आहे.

परराष्ट्राचा कारभार तर आपल्यापासून आणखी लांबचा वाटतो. राजदूत म्हटलं की मेजवान्या, हस्तांदोलनं आणि झेंडे डोळ्यांपुढे येतात. पण अणे सिलोनला गेले ते कुणाच्या प्रश्नासाठी? तिथे चहाच्या मळ्यांत हिंदुस्थानातून, मुख्यतः तमिळ मुलखातून, नेलेले मजूर होते. चहाचा पाला खुडणारे हात बहुतेक बायकांचे. मजुरीचे दर कायद्यानेच तीन ठरवलेले: पुरुषाचा वेगळा, बाईचा त्याहून कमी, मुलाचा आणखी कमी. आमच्याकडे निंदणाला, कापूस वेचायला जाणाऱ्या बाईला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. म्हणजे परराष्ट्रनीती ही शेवटी एका मजूर बाईच्या दिवसाच्या मजुरीची आणि तिच्या नागरिकत्वाची गोष्ट होती.

पुढे काय झालं ते आणखी शिकवणारं आहे. १९४८ साली सिलोनने नागरिकत्वाचा कायदा केला आणि मळ्यांतले सुमारे सात लाख लोक कुठल्याच देशाचे राहिले नाहीत. १९६४ साली करार झाला: ५,२५,००० जणांना भारताने घ्यायचं, ३,००,००० जणांना सिलोनने, उरलेल्यांचं मागाहून बघू. करारावर सही भारताकडून लालबहादूर शास्त्रींची आणि सिलोनकडून सिरिमाव बंदरनायके यांची. या बाई १९६० साली जगातल्या पहिल्या स्त्री पंतप्रधान झालेल्या. तरीही माणसांची वाटणी धान्याच्या पोत्यांसारखी झाली आणि त्या वाटाघाटीत मळ्यातली बाई कुठेच नव्हती.

म्हणून मी असं म्हणणार नाही की वर एक बाई बसवली म्हणजे खालच्या बायकांचं काम झालं. वरून टाकलेली बाई आणि खालून चढत आलेली बाई यांत फरक असतो. खालून येणारीच्या मागे तिला पाठवणाऱ्या असतात, त्या तिला जाब विचारतात. आपल्याला हवी आहे ती खालून वर जाणारी वाट. ती शाळेपासून निघू शकते का, एवढाच माझा प्रश्न आहे.

निघू शकते, याचा दाखला आहे. केरळच्या लक्ष्मी मेनन शिक्षिका होत्या, मद्रास, कलकत्ता, लखनौ इथे त्यांनी शिकवलं. पुढे संयुक्त राष्ट्रांत स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या विभागाचं काम पाहिलं, १९५२ पासून राज्यसभेत आल्या आणि परराष्ट्र खात्यात मंत्री झाल्या. पण त्याच परराष्ट्र खात्याचा नियम काय होता? नोकरीतल्या बाईने लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यायची; आणि संसारामुळे कामात अडचण येते असं सरकारला वाटलं तर तिने राजीनामा द्यायचा. पुरुषाला असली अट नाही! स्पर्धा परीक्षेतून परराष्ट्र सेवेत आलेली पहिली स्त्री, सी. बी. मुथम्मा, यांनी या नियमांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. १९७९ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सरकारचे कान उपटले. संसार बाईचाच असतो का, पुरुषाचा नसतो का, हा साधा प्रश्न न्यायालयाला विचारावा लागला. त्यानंतरच्या काळात मराठवाडा विद्यापीठातून एम. ए. झालेल्या निरुपमा राव २००९ साली देशाच्या परराष्ट्र सचिव झाल्या. पायरी दुरुस्त झाली की बाई चढते, याला आणखी पुरावा कशाला?

आता आपल्या घरचं बघू. अमरावतीने उषा चौधरींना १९८० आणि १९८४ साली, प्रतिभा पाटलांना १९९१ साली, नवनीत राणांना २०१९ साली लोकसभेत पाठवलं. त्यातल्या प्रतिभाताई २००७ साली देशाच्या पहिल्या स्त्री राष्ट्रपती झाल्या. अकोल्याने १९५२ पासून २०२४ पर्यंतच्या निवडणुकांत एकाही बाईला लोकसभेत पाठवलं नाही. शंभर किलोमीटरच्या आतलं हे अंतर आहे.

राहिली शिक्षिकेची गोष्ट. आपल्या घटनेने शिक्षकांसाठी विधान परिषदेत खास जागा ठेवल्या. महाराष्ट्रात ७८ पैकी ७. त्यात अमरावती विभागाचा एक शिक्षक मतदारसंघ: अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम. ऐकायला छान आहे. पण घटनेचं १७१ वं कलम म्हणतं, मत फक्त माध्यमिक शाळेपासून वर शिकवणाऱ्यांना. पहिलीच्या पोराला हात धरून अक्षर गिरवायला लावणारी बाई या हिशेबात शिक्षक नाही! आणि गावोगावच्या प्राथमिक शाळांत बायका किती आहेत ते बघायला कुठलं सर्वेक्षण नको, एसटीतून सकाळी उतरणाऱ्या बाया बघितल्या तरी पुरे. अंगणवाडी सेविकेचं तर नावच नको. ती शिक्षकही नाही आणि सरकारी नोकरही नाही, ती मानधनावरची.

गंमत अशी, की मतदार याद्यांचं काम आम्हाला करावं लागतं. उन्हात दारोदार फिरून नावं घालायची, मेलेल्यांची काढायची, लग्न होऊन आलेल्या सुनांची बदलायची. एकदा याच कामावर असताना एका म्हाताऱ्या बाईने मला विचारलं होतं, "बाई, साऱ्या गावाची यादी तुमी करता, मंग मास्तरायच्या यादीत तुमचंच नाव काहून नाई?" तिच्या नातवाने तिला शिक्षकांची निवडणूक समजावून सांगितली होती. मी तिला कलम सांगितलं. ती म्हणाली, "मंग कलम बदलवा ना बाप्पा."

त्या बाईचं म्हणणं मला पटतं. जिल्हा परिषदेच्या नोकरीत राहून निवडणूक लढवता येत नाही, हा नियम स्त्री-पुरुष दोघांना सारखा आहे, आणि तो असावा असंही मला वाटतं. पण सारखा नियम सारखा लागू पडत नाही. माझ्या ओळखीतल्या एका गुरुजींनी नोकरी सोडून निवडणूक लढवली. पडले. पाच वर्षं घर बायकोच्या शिलाई मशीनवर चाललं आणि ते पुन्हा उभे राहिले. असा एक तरी नवरा मला दाखवा, जो म्हणाला असेल, "तू दे राजीनामा, लढ निवडणूक, घर मी बघतो." अण्यांच्या पिढीतल्या पुढाऱ्यांची चरित्रं तुरुंगाचे दिवस मोजतात, पण त्या दिवसांत घरची चूल कुणी पेटती ठेवली ते फारसं सांगत नाहीत. ती न सांगितलेली पायरी आजही बाईला मिळत नाही.

२०२३ साली संसदेने लोकसभेत आणि विधानसभांत स्त्रियांना एक तृतीयांश जागा देणारी घटनादुरुस्ती मंजूर केली, पण जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना यांच्याशी तिची गाठ मारून. सुलोचनाबाईंच्या ठरावाला तेव्हा ८१ वर्षं झाली होती. शिवाय त्या दुरुस्तीत विधान परिषदेचं नावच नाही. म्हणजे शिक्षकांच्या मतदारसंघात काही बदलायचं तर ते वेगळंच मागावं लागणार.

मी तीन गोष्टी सुचवते. एक, १७१ व्या कलमातली 'माध्यमिक'ची अट काढून प्राथमिक शिक्षकांना मत मिळावं. प्राथमिक शिक्षकांच्या संघटनांची ही जुनी मागणी आहे. ती आता शिक्षिकांनी स्वतःची म्हणून उचलावी, कारण त्या अटीचा मार सर्वांत जास्त आपल्यावर आहे. दोन, या मतदारसंघात मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, आणि त्याच्या पक्षाला, माध्यमिकच्या मैत्रिणींनी विचारावं: तुम्ही आजवर किती शिक्षिकांना उभं केलंत? उत्तर लेखी मागावं. तीन, यवतमाळला अण्यांच्या नावाने मुलींचं महाविद्यालय आहे. तिथे आणि अकोला-अमरावतीच्या इतर महाविद्यालयांतही मुलींना अण्यांचं चरित्र जरूर सांगावं, पण त्याबरोबर चिमूर सांगावं, जाईबाई आणि सुलोचनाबाई सांगाव्यात, मुथम्मांचा खटला सांगावा. परराष्ट्र सेवेची परीक्षा आपल्यासाठी आहे हे आमच्या खेड्यातल्या मुलीला कुणी सांगतच नाही. डी. एड. कर, नोकरी लागेल, घराजवळ राहशील, एवढंच सांगतात.

नोकरी घराजवळची जरूर करावी, मीही केली. पण तिच्यापुढे पायरीच नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नये. पायरी कुठे मोडली आहे ते आपल्याला माहीत आहे, कलमाचा नंबरसुद्धा पाठ आहे. ती बसवून घ्यायचं काम आपलं आहे. या अंकाच्या वाचकांमध्ये शिक्षिका पुष्कळ आहेत. त्यांनी आपापल्या तालुक्यातून या मागणीवर सह्या गोळा कराव्यात. याद्या करायची सवय आपल्याला आहेच.